त्रिंबकअण्णांची वाढती शुगर

मोतीबिंदूचं ऑपरेशन दुसऱ्यांदा पुढं ढकललं गेलं, तेव्हा त्रिंबकअण्णा बेंबळीच्या माझ्या दवाखान्यात आले. आले म्हणजे, बायकोनं, सोजरकाकूंनी, हात धरून आणलं. एकटं चालणं आता होत नव्हतं. शुगर उतरल्याशिवाय डोळ्याचे डॉक्टर हात लावायला तयार नव्हते.

एचबीएवनसी ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. आदल्या दिवशी पथ्य पाळून तिला फसवता येत नाही. अण्णांची आठवरून साडेनऊवर गेली होती. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा. मला कारण सापडेना.

अण्णा बाकीच्या तपासण्यांसाठी रक्त द्यायला आत गेले. काकूंनी पिशवीतून गोळ्यांची बाटली काढली.

“पोरानं पुण्याहून धाडली. शुगरला चांगली म्हणं. मासळीचं तेल हाय. त्येंना सांगू नका, गळ्यात माळ हाय. म्या ताकदीची गोळी म्हणून देते.”

“रोज किती?”

“आधी एक. शुगर वाढली, तशा दोन केल्या.”

माशाच्या तेलातलं ओमेगा-३ रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी कमी करतं. शुगर त्यानं उतरत नाही. पण सहसा एवढी चढतही नाही. म्हणजे कारण वेगळं होतं.

अण्णा रक्त देऊन आले, तेव्हा काकूंना नर्सकडे बीपी मोजायला पाठवलं आणि त्यांना विचारलं, “सकाळी काय खाल्लं?”

“साबुदाणा. उपास हाय.”

“सोमवारचा?”

“सोमवार, गुरुवार, शनवार. तिला सांगितलंय, डोळ्यासाठी धरलेत.” मग आवाज खाली आला. “ती बाहेरच हाय ना? साहेब, ती गोळी मासळीची हाय. माळ घालायच्या आधी लई खाल्लीय म्या. पहिल्याच ढेकरीला वळखलं.”

“मग थुंकून टाकायची.”

“कशी थुंकू? गोळी हातावर ठिवती अन् गिळेस्तोर तांब्या धरून उभी राहती. म्हणून माळेचं पाप फेडाय एक उपास धरला. गोळ्या दोन झाल्या, तसे उपास वाढवले.”

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. पोटात गेला की लवकर साखर होते. आठवड्यातून तीन दिवस, दोन्ही वेळा. शुगर वाढली की काकू गोळी वाढवत, गोळी वाढली की अण्णा उपवास वाढवत.

दोघांना समोर बसवलं. “काकू, बाटली बंद. अण्णा, उपवास फक्त एकादशीला, तोही साबुदाण्याशिवाय. शुगरच्या रोजच्या गोळ्या चालू.”

काकू गडबडल्या. “पर पोरगं काय म्हणंल?”

“पोराला मी फोन करतो.”

अण्णाच बोलले. “अगं, मासळीची हाय ती. मला ठावं हाय.”

“ठावं व्हतं तर गिळलात कशाला?”

“तू दिलीस म्हणून.”

काकू पदरानं डोळे पुसत कडाडल्या, “अन् मला आठवड्याला तीन-तीनदा साबुदाणा भिजवाय लावला!”

तीन महिन्यांनी आकडा साडेसातवर आला. ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर अण्णा दवाखान्यात एकटे चालत आले. काकू चार पावलं मागं होत्या.

तेव्हापासून शुगरच्या प्रत्येक पेशंटला मी गोळ्यांबरोबर उपवासही विचारतो. नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून.