एकोणीस तारखेच्या आत

ओकुमुरा नावाचा निवृत्त कारकून बिस्किटांचा डबा घेऊन दारात उभा राहिला. माल्सुनबाईंनी आधी डब्याकडे पाहिलं, मग त्याच्या बुटांकडे आणि सगळ्यात शेवटी तोंडाकडे. कोबे शहराच्या नागाता भागात, जिथे गल्लोगल्ली स्वस्तातल्या चपला-बूट बनतात, तिथे सरकारी माणूस सहज म्हणून येत नसतो. निवृत्त झाला असला तरीही.

"तब्येत काय म्हणते, ह्योन-सान?"

"तब्येत बघायला आलात, की म्हातारी आहे का गेली ते बघायला?"

ओकुमुराने हसून मान खाजवली. आत घासायच्या चाकावर व्हिएतनामहून आलेली दियेप काम करत होती. बुटाच्या चामड्याची खालची कड चाकावर खरखरीत करायची, म्हणजे सोल्यूशन धरतं आणि तळ पक्का बसतो. तिने चाक थांबवलं नाही, पण वेग कमी केला. तेवढ्यात बोलणं ऐकू येतं.

"वीस नोव्हेंबरपासून नवा नियम येतोय," ओकुमुरा म्हणाला. "बाहेरून येणाऱ्या परदेशी माणसाने विमानतळावर दोन्ही तर्जन्या काचेवर ठेवायच्या आणि फोटो द्यायचा. पाहुणा असो नाहीतर इथे घर करून राहिलेला असो. पण तुम्ही घाबरू नका. तुमच्यासारख्या जुन्या कोरियन मंडळींना सूट आहे. म्हटलं, स्वतः जाऊन सांगावं."

"सूट का?"

"का म्हणजे? तुम्ही इथल्याच."

"बावीस वर्षांपूर्वी इथली नव्हते का? तेव्हा खिडकीमागे तुम्हीच बसला होतात ओकुमुरासाहेब. शाईचा पॅड माझ्यापुढे तुम्हीच सरकवला होता."

"तेव्हा तो नियम होता."

"आणि आता?"

"आता हा आहे," ओकुमुरा म्हणाला आणि डबा उंबऱ्यावर ठेवून निघून गेला.

दियेपने चाक बंद केलं आणि कागद सोडवला. कौलाच्या आकाराची खमंग बिस्किटं होती. "छान दिसतायत, मावशी."

"तू आधी खा. अर्ध्या तासाने मी बघते."

दियेप हसली आणि दोन खाऊन टाकली. माल्सुनबाई मात्र हसल्या नाहीत. कोणी काही घ्यायला आलं तर त्यांना भीती वाटत नसे. द्यायला आलं की वाटे. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं, पण या बाईंनी पाणीसुद्धा कधी न फुंकता प्यायलं नव्हतं.

याला कारण होतं, आणि ते साऱ्या गल्लीला पाठ होतं. १९८५ साली वॉर्ड कचेरीत परदेशी रहिवाशांच्या वहीतली नोंद नवी करायची होती. डाव्या हाताची तर्जनी शाईत बुडवून वहीत उमटवायची, दर काही वर्षांनी. जन्म याच गल्लीतला, नवरा याच गल्लीत वारलेला, पोरगा इथल्याच शाळेत शिकलेला, तरी बोट चोरासारखं द्यायचं. त्या दिवशी माल्सुनबाईंनी हात पदराआड धरावा तसा कोटाच्या खिशात घातला आणि म्हणाल्या, "आज नाही. उद्याही नाही." कचेरीत अशी शांतता पसरली, जणू नाटकात नायिकेने तलवार खाली टाकली. मागे रांगेत उभा असलेला एक मासळीवाला तेवढा पुटपुटला, "मग बाजूला तरी व्हा."

त्या साली शहराशहरांत हजारो लोकांनी बोट नाकारलं. सभा झाल्या, मोर्चे निघाले. माल्सुनबाई अर्ज घेऊन दारोदार फिरल्या आणि विरोधाच्या सह्या गोळा करून आणल्या. सभेत तरुण वकिलाने कागद हातात घेतला, पाहिला आणि हळूच पालथा ठेवला. बोटांचे ठसे घेऊ नयेत या अर्जावर कोरियातल्या जेजू बेटावरून आलेल्या अकरा म्हाताऱ्यांचे लालभडक अंगठे उमटले होते. लिहिता एकीलाही येत नव्हतं. साऱ्या सभेला हसू आवरेना. तेव्हा त्या अकरांतली सगळ्यात थोरली, दात नसलेली, जागेवरूनच म्हणाली, "हसा, हसा. हा मी दिलाय. तो ते मागतायत." यावर मात्र टाळ्या पडल्या.

पण पुढच्याच आठवड्यात गस्तीचा पोलीस त्या अकरांपैकी प्रत्येकीच्या दारावर नेमका थांबून गेला. कागद कोणी दाखवला? वकिलाने? हॉलच्या रखवालदाराने? हसणाऱ्यांपैकी कोणी? ते कधीच कळलं नाही. त्या दिवसापासून माल्सुनबाईंना प्रत्येक हसऱ्या तोंडामागे एक कागद दिसू लागला.

आणि खरी किंमत तर पुढेच होती. बोट नाकारणाऱ्याला परत यायचा परवाना मिळत नसे. देश सोडता येई, पण मग घरी परतायचं दार बंद. आई जेजूला धाकट्या भावाकडे होती, आणि त्या हिवाळ्यात अंथरुणाला खिळली. भावाने फोन केला. "आई विचारतेय, ताई कधी येते?" माल्सुनबाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात." फेब्रुवारीत आई गेली. पुढे माफी मिळाली, पुढे ती शाईसुद्धा गेली, भूकंपात जुनी गल्ली जळून नवी उभी राहिली. "मी बोट दिलं नाही" असं माल्सुनबाई ताठ मानेने सांगत. दुसरी गोष्ट त्या सांगत नसत.

ओकुमुरा येऊन गेल्यावर आठ दिवसांत त्यांनी पुन्हा अर्ज हाती घेतला. परदेशी लोकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने विरोधाचे कागद छापले होते. नाव, पत्ता, कुठल्या देशाचे, सही. पहिला कागद त्यांनी दियेपपुढे ठेवला. बारा वर्षं दोघी एकाच दिव्याखाली बसत होत्या.

दियेपने कागद वाचला आणि परत दिला. "नाही मावशी."

"का? कुणाला भितेस?"

"हा कागद शेवटी कुठे जातो?"

"मंत्र्याकडे."

"मधे किती हातांतून?"

हा माल्सुनबाईंचा स्वतःचा प्रश्न होता, आणि आजवर तो त्यांनाच कोणी विचारला नव्हता.

"आमच्याकडे लढाई संपली तेव्हा माझ्या बापाला सांगितलं, नाव नोंदवा, दहा दिवसांचं शिबिर आहे," दियेप म्हणाली. "त्याने स्वतःच्या अक्षरात नाव लिहिलं. छान वळणदार अक्षर होतं. दहा दिवसांचे कपडे नेले. सहा वर्षांनी आला. मी चौदाव्या वर्षी काकाबरोबर होडीत बसले ती त्याच्यामुळेच. तुम्हाला बोटाची भीती, मला यादीची. बोट काय, मी देईन. नाव कुठल्या यादीत घालणार नाही."

"म्हणजे बोट देशील? इतक्या सहज?"

"आई तिकडे बिएन होआला आजारी आहे. मला जाऊन यायचंय. परत येताना नको म्हटलं तर आत घेणार नाहीत. मग तुमच्या चाकावर कोण बसेल? ओकुमुरा?"

दोन दिवस माल्सुनबाई चामडं शिवत राहिल्या आणि मनात हिशेब मांडत राहिल्या, की ही मुलगी सरकारची आहे की आपली. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून चाकावर आपटलं.

"नियम वीस तारखेपासून. तू एकोणीसला परत ये. काच नाही, फोटो नाही, कोणी काही मागत नाही. निदान एकदा तरी त्यांना चुकवून दाखव."

दियेपने तारखा मोजल्या. तीन आठवडे मिळत होते. "चालेल. एकोणीसच्या आत येईन. शब्द देते."

"शब्दावर मी विश्वास ठेवत नाही. तिकीट दाखव."

तिने तिकीट काढलं, दाखवलं आणि गेली.

अठरा नोव्हेंबर, रविवार. माल्सुनबाई दुपारच्या जेवणाची भांडी विसळत होत्या. फोन वाजला.

"मावशी, मी. आज रात्रीचं विमान आहे."

"ठाऊक आहे. मग?"

"आई संध्याकाळी थोडा वेळ डोळे उघडते. मला बघते. डॉक्टर म्हणतो दोन दिवस, नाहीतर दहा." तिने आवाज खाली आणला. "मी शब्द दिलाय तुम्हाला. बॅग भरून ठेवलीय. ती विचारतेय, ही बॅग कोणाची?"

माल्सुनबाईंच्या हातातून फेस गळत होता. बावीस वर्षं ज्यांच्यावर त्या ताठ उभ्या होत्या ते दोन शब्द, 'दिलं नाही', आता दुसरीच्या आईच्या उशाशी जाऊन बसले होते. "थांब" एवढं म्हणायचं होतं. पण थांब म्हटलं, तर ही पोर शब्द मोडल्याचं ओझं घेऊन थांबेल. आईजवळ बसून तारीखच बघत राहील.

"अगं, तुला कळलं नाही का?" त्या म्हणाल्या. "ते मशीन बंद पडलंय. टीव्हीवर सांगितलं. महिनाभर पुढे ढकललंय."

"खरंच?"

"मी कधी सरकारच्या बाजूने खोटं बोलले का?"

दियेप हसली. हसता हसता तिचा आवाज फाटला. "मग राहते मी."

"राहा. तिकिटाचं काय ते नंतर बघू."

फोन ठेवून त्या वळल्या. टीव्ही चालूच होता. निवेदिका गोड आवाजात सांगत होती, की सर्व विमानतळांवर तयारी पूर्ण झाली आहे.

सत्तावीस तारखेला सकाळी माल्सुनबाई विमानतळावर जाऊन उभ्या राहिल्या. सायगावचं विमान वेळेवर उतरलं. माणसं बाहेर आली, गाड्या ओढत, पोरांना ओरडत. मग तुरळक झाली. मग दार उघडेनासंच झालं. तास गेला. खांबावरचा कॅमेरा त्यांच्याकडे वळला असं त्यांना वाटलं. त्या दुसऱ्या खांबामागे गेल्या, तिथेही एक होता. पोलीस घेऊन गेले असतील. आपण फोनवर बोललो ते कोणी ऐकलं असेल. तिला म्हटलं मशीन बंद आहे, आणि तिने आत तेच सांगितलं असेल, तर?

दीड तासाने गणवेशातला एक तरुण अधिकारी हातात चिठ्ठी घेऊन बाहेर आला. "ह्योन माल्सुन-सान कोण?"

"मी. काय केलंत तिचं?"

तो दचकला. "काही नाही केलं. त्या सांगतायत तुम्ही एकाच ठिकाणी काम करता. एक विचारायचं होतं. मशीन त्यांची बोटं घेत नाही. सहा वेळा केलं. ठसाच नाही. आमच्याकडे असं आहे, की काही लोक मुद्दाम बोटं घासून येतात."

"तिने घासलीच आहेत."

अधिकाऱ्याने पेन काढलं.

"बारा वर्षं. माझ्या चाकावर. रोज दीडशे जोड. तिच्याआधी मीच बसत होते तिथे. तुमच्या पायातले बूटसुद्धा कोणीतरी घासलेलेच असतील. हातमोजे घालून घासता येत नाही, कड हाताला कळत नाही. लिहा."

"पण सगळ्या कामगारांचं असं होतं का? म्हणजे पुरावा..."

माल्सुनबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. दहाही बोटं पसरली. १९८५ नंतर कुठल्याही गणवेशापुढे त्यांनी हात खिशाबाहेर काढला नव्हता.

तरुण वाकला. टोकं गुळगुळीत होती, चमकत होती, पाण्यातल्या गोट्यांसारखी. त्याने हात लावला नाही, नुसतं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बघितलंत?" त्यांनी हात मागे घेऊन कोटात घातले. "बास. फोटो नाही काढायचा."

"नाही काढत," तो म्हणाला आणि आत गेला. जाता जाता त्याने आपल्या स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. ते माल्सुनबाईंनी टिपलं, आणि त्यात काय डाव असेल याचा विचार त्या करू लागल्या.

पंधरा मिनिटांनी दियेप बाहेर आली. डोळे सुजलेले, बॅगेला शोकाची पांढरी फीत बांधलेली. दोघी बसमध्ये बसल्या तेव्हा ती म्हणाली, "बंद पडलं होतं ना?"

"दुरुस्त झालं असेल."

"मावशी."

"हं."

"नीट मलम लावून, बोटं मऊ करून आले असते तर ठसा आला असता. इतका वेळ लागला नसता. खोटं बोललात म्हणून मलम नाही लावलं."

"मग? तक्रार करायचीय? त्या पोराकडे कर, त्याच्याजवळ पेन आहे."

दियेपने डोकं खिडकीला टेकलं. बस समुद्रावरच्या पुलावर चढली. खाली कुठेच जमीन दिसत नव्हती.

"कधी?" माल्सुनबाईंनी विचारलं.

"बावीसला. संध्याकाळी."

"ओळखलं तुला? शेवटी?"

"ओळखलं. जेवलीस का विचारलं."

माल्सुनबाईंनी मान वळवली. पूल संपेपर्यंत त्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "आणि तू काय सांगितलंस?"

"जेवले म्हटलं."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून भाताची पुरचुंडी काढून तिच्या मांडीवर ठेवली.