दुभाषा मुलगाच

मंडळी, अजून अंगाची लाही होतेय!

स्टुटगार्टमध्ये आमच्या वर राहणारा मराठी इंजिनिअर कामाला जाताना आईला खोलीत कोंडतो. मी सोशल आम्टला, म्हणजे इथल्या समाजकल्याण कार्यालयाला, कळवलं, म्हणून आज तिथली बाई चौकशीला आली. मीही वर गेले. आजींना जर्मन येत नाही. दुभाषा कोण? मुलगाच! मी भाषांतर करते म्हटलं, तर बाई म्हणाली, "घरचं माणूस आहे ना?"

त्याने विचारलं, "आई, मी तुला कोंडतो का?"

"नाही रे बाळा," आजी पुटपुटल्या. "त्यांना चहा दिलास का?"

बाई समाधानाने गेली.

संध्याकाळी तो नवी कडी घेऊन जिन्यात भेटला. माझ्याकडे बघून हसला. आत्ता वर ड्रिल चालू आहे. आवाजाचा त्रास होतो म्हणून खालचे जर्मन काका तावातावाने वर गेलेत.

आजी रोज दार बडवतात, तेव्हा कोण जातं, सांगा?