पानावरचा हात

माझ्या लेकीच्या मेंदूच्या तळाशी गाठ झाली होती. शाळेत असतानाच तिचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण भुकेचा लगाम सुटला. जेवून हात धुतले की पोरगी पुन्हा ताटाशी. "आईनं लाडावून ठेवलीय," असं निदान नातेवाइकांनी ताबडतोब केलं. तेही आमच्या खडकीच्या क्वार्टरमध्ये बसून, माझ्याच हातचे पोहे दुसऱ्यांदा घेत.

डॉक्टरांनी मात्र नीट समजावलं. मेंदूत न्यूरोपेप्टाइड नावाचे बारीक निरोपे असतात. काही 'खा' सांगतात, काही 'आता पुरे'. हे निरोप जिथे पोचतात, नेमकी तीच जागा गाठीनं दुखावली होती. त्यावर तेव्हा औषध नव्हतं. "स्वयंपाकघराला कुलूप लावा," ते म्हणाले.

मी लावलं. किल्ली लेकीनंच माझ्या हातात दिली. म्हणाली, "मी मागितली तरी देऊ नकोस. रडले तरी." ती रडली, मीही रडले, किल्ली दिली नाही.

पण पंगतीला कुठलं कुलूप? म्हणून लग्नकार्यं आम्ही टाळायचो. ती कॉलेजात गेली आणि माझ्या भाच्याचं लग्न निघालं, नारायण पेठेतल्या कार्यालयात. मी नको म्हटलं. "जन्मभर लपून राहू का?" तिनं विचारलं. मी तयारीला लागले.

ती समोरच्या पंगतीत बसली. ठरवलं होतं तेवढंच वाढून घेतलं, सावकाश संपवलं. मग जिलबीचं ताट घेऊन नवरीचे काका आग्रहाला निघाले. तिचे डोळे त्या ताटावरून हलत नव्हते.

काका वाकले. तिनं पानावर हात आडवा धरला.

"अगं, लाजतेस काय? एवढ्यानं पोट भरतं का कुणाचं?"

"नाही भरलं, काका," ती म्हणाली. "माझं कधीच भरत नाही. म्हणूनच नको."

काका जिलबी हातात धरून तसेच उभे राहिले. ज्यांना पोट भरल्याचं व्यवस्थित कळतं, ती सगळी मंडळी आजूबाजूला आणखी वाढून घेत होती. मला वाटलं, उठावं आणि भर कार्यालयात ओरडून सांगावं, ही माझी मुलगी आहे.

काका पुढे सरकले. जिलबीचं ताट पंगतीच्या टोकाला पोचेपर्यंत तिनं पानावरचा हात काढला नाही.