गुरुजींचा जुना आवाज

भोंगेवाली वहिनी सकाळी एक डोळा दुधावर ठेवून ओट्यापाशीच माइकची तुटलेली वायर जोडत होती. नवरा खिडकीपाशी पेपर वाचत होता. दारावर थाप पडली तशी ती उठली. त्यानं मान वर केली नाही. गेली बावीस वर्षं त्याला थाप ऐकूच येत नव्हती.

दारात गुरुजी. शाळेतून निवृत्त झालेले, आता वेगळ्या देशाच्या समितीचे अध्यक्ष. प्रांतानं देशात राहायचं की वेगळं व्हायचं, याचं मतदान रविवारी होतं. त्याआधी उद्या मैदानावर दोन्ही बाजूंचा जाहीर वाद होता, पण एकाचा भोंगा दुसऱ्याला चालेना. ऐन भाषणात आवाज बंद पाडतील, ही धास्ती. इतक्या भांडणात दोघांचं एकमत झालं ते फक्त वहिनीवर. ती कुणाचाच माइक तोडत नाही, हे सगळे जाणून होते.

गुरुजी ऐसपैस बसले. "कुणाबरोबर नांदायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं वहिनी, एवढंच आमचं म्हणणं."

"हेसुद्धा एवढंच म्हणत होते," वहिनी म्हणाली.

बावीस वर्षांपूर्वी वेगळं होण्याची भाषा चार-दोन माणसंच करत. नवरा त्यांतला एक. गुरुजी त्या काळी अखंड देशाचे कैवारी. एका सभेत नवऱ्यानं लावून दिलेल्या माइकवरूनच त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं आणि सुरुवात या भोंगेवाल्यापासून करा, असं गर्दीला सांगितलं. गर्दीनं केली. लोखंडी स्टँड दोन्ही कानांवर बसला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाची खरखर ज्याला कळायची, त्याला पुढे पोटच्या लेकीचं रडणंही ऐकू आलं नाही. गुरुजींनी मात्र चौकशीत कानांवर हात ठेवले. आपण असं बोललोच नाही म्हणाले, आणि अख्ख्या गावाला ते पटलं.

"एक सांगायचं राहिलं," वहिनी दूध उतरवत म्हणाली. "माइक लावला की हे टेपही चालू करत. 'हॅलो, हॅलो'पासून शेवटच्या टाळीपर्यंत. कुठं खरखरलं ते घरी येऊन ऐकायचे."

गुरुजींचा चेहरा उतरला. टेप तेव्हा ठाण्यात दिली असती तर तिथंच हरवली असती, हे वहिनीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं डूख धरला. दर वर्षी टेपवरची धूळ झटकून, ती बुरशीपासून जपून ठेवली.

गुरुजी उठले, नवऱ्यापुढे हात जोडून उभे राहिले आणि चढ्या आवाजात माफी मागू लागले. त्याला वाटलं पाहुणे निघाले, म्हणून त्यानंही हात जोडले.

"मोठ्यानं बोलून उपयोग नाही गुरुजी. मोठ्यानं बोललात म्हणूनच ही वेळ आली."

ते खालच्या पट्टीत आले. आता आपण एकाच बाजूचे, असली गोष्ट बाहेर आली तर मतं जातील, वेगळं होणं हातचं जाईल, असं समजावू लागले. वहिनीनं शांतपणे ऐकून घेतलं. हे सगळं तिनं आधीच तोलून पाहिलं होतं.

"मत मी वेगळं व्हायलाच देणार. तुमच्या तोंडाकडे बघून नाही, यांच्यासाठी. भोंगे उद्या चारला लागतील. माझं मागणं एकच आहे. तुमच्या भाषणाआधी त्या टेपची तीन मिनिटं वाजतील, तेवढा वेळ तुम्ही माइकसमोर उभं राहायचं."