कूलरपुढचा घाम

धाकटे, दरवर्षी तुझ्या हृदयाचा इको काढतात तेव्हा तू आईला विचारतेस, "दादाचा नाही, माझाच का?" त्याचं उत्तर तुम्हा दोघांसाठी नीट लिहून ठेवते. त्यात माझी एक चूकही आहे.

तुमची आई तुझ्या बाळंतपणाला माझ्याकडे आली तो दुष्काळाचा उन्हाळा होता. शहर वाढत बायपासच्या पलीकडे गेलं होतं. आमच्या कॉलनीत घरं झाली होती, नळ आले नव्हते. टँकर चौथ्या दिवशी यायचा. त्यातलं दोन बादल्या पाणी मी कूलरसाठी राखून ठेवत असे. कूलर कधी चालला, तू दूध कधी प्यालीस, घाम कधी आला, सगळं कॅलेंडरच्या चौकोनांत लिहीत असे.

तू अडीच महिन्यांची होतीस. दूध पिताना तुझ्या कपाळावर घामाचे थेंब जमायचे. चार घोट घेतले की धाप लागायची, मग रडणं, चेहरा पांढराफटक. शहरात, औरंगपुऱ्यातल्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी काही विचारायच्या आत मीच सांगून टाकलं, "घर फार तापतं, डॉक्टर. उन्हानं घामाघूम होते, आणि पोटात वायू धरतो." बाहेर गर्दी होती. त्यांनी पोट तपासलं, वायूवरचे थेंब लिहून दिले. शिकलेल्या आजीनं निदान तयार करूनच आणलं होतं.

त्यानंतर आठवड्याभरानं, तुला तेल लावायला येणाऱ्या मावशींचा हात मध्येच थांबला. तुझं नुकतंच दूध पिऊन झालं होतं.

"आजी, लेकरू गार लागतंय."

"कूलरपुढं आहे ना ती."

"मग घाम कशाचा? लई लेकरं न्हाऊ घातलीत म्या. गरमीचा घाम असा गार नसतो."

"मावशी, हिला सांगून उपयोग नाही," तुमची आई चिडून म्हणाली. "ही बाळापेक्षा कॅलेंडरच जास्त बघते."

मला ते लागलं. उठून कॅलेंडरसमोर उभी राहिले. कूलर कोरडा, दूध, घाम. कूलर चालू, दूध, घाम. पहाटेचा गार वारा, दूध, घाम. आणि भर दुपारी तापलेल्या खोलीत तू झोपलेली असताना, कोरडी. माझंच अक्षर, आणि मी ते एकदाही वाचलं नव्हतं.

कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि रिक्षानं त्याच डॉक्टरांकडे गेलो. या वेळी मी तोंड मिटून घेतलं, फक्त पान पुढं केलं. त्यांनी वाचलं. मग तुझ्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, आणि तो बराच वेळ उचलला नाही.

एक्स-रे, ईसीजी, संध्याकाळी इको. हृदय मोठं झालं होतं. हृदयाच्या स्नायूला शुद्ध रक्त पुरवणारी डावी धमनी जन्मतःच चुकीच्या जागी जोडलेली होती, फुप्फुसांकडे अशुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिनीला. "हा दोष क्वचितच दिसतो," डॉक्टर म्हणाले. "दूध पिणं म्हणजे हिच्यासाठी डोंगर चढणं आहे. दर वेळी हृदय उपाशी पडतं. आजच पुण्याला ऑपरेशनसाठी न्या, उद्यावर टाकू नका."

पुण्यापर्यंत अॅम्ब्युलन्समध्ये आम्हां दोघींना एकच काम होतं: तुला रडू द्यायचं नाही. रडण्याचाही ताण पडणार होता. तू ओठ वाकडे केलेस की तुमची आई गुणगुणायची, मी तळपाय चोळायची. नगरच्या पुढं तू एकदा रडलीसच. ती दोन मिनिटं मी मॉनिटरकडे बघू शकले नाही.

शस्त्रक्रियेत ती धमनी काढून योग्य जागी जोडली. हृदय सावरायला वेळ लागेल, औषधं चालतील, तपासण्या कायमच्या, असं सांगितलं. बऱ्याच दिवसांनी तुला पहिल्यांदा अंगावर घ्यायची परवानगी मिळाली. तू प्यायला लागलीस. चार घोट झाले. पाचवा. मी कपाळावर हात ठेवला.

"आई, आहे का गं?" तुमच्या आईनं खालच्या आवाजात विचारलं.

मी पुन्हा सगळ्या कपाळावरून हात फिरवला. तेवढ्यात मावशींचा फोन आला; आज तू अंगावर पिणार हे त्यांना सकाळीच कळवलं होतं.

"आजी, कपाळ?"

"कोरडं आहे, मावशी."

"मग पिऊ द्या पोटभर," त्या म्हणाल्या.