पोत्यात काय होतं

आमगावच्या राइस मिलबाहेर ओल्या बारदान्याचा वास आला आणि मी मनाने थेट पोचले आमच्या गावच्या तलावाच्या पाळीवर. गावाचं धान पिकवणारा तलाव प्लॉट पाडायला मलब्याने बुजवत होते. आमची पत्रकं कोणी वाचेना, म्हणून मैत्रिणीने मोबाइल मातीला टेकवून व्हिडिओ काढला. पडद्यावर फक्त माझे चिखलाचे पाय आणि मागे फरफटणारं जड पोतं.

ग्रामसभेत तो व्हिडिओ लावला, तेव्हा सगळे श्वास रोखून बघत होते. शेवटी पडद्यावर मी पोतं उघडलं, तर त्यातून मलबा तलावात पडला.

सरपंचकाका भडकले, "पोरी, लोकायले काऊन भेवाडून राहिली? मुडदा कुठं हाय?"

"तलावाचा हाय ना, काका. तुमीच मारून राहिले."

बाबांनी मला हाताला धरून बाहेर नेलं. तेव्हा लाज वाटली होती. आज वाटतं, आणखी मिनिटभर भेवाडायला हवं होतं.