तिथं हात ठेव

शांतामावशी गेली त्याला महिना होत आला. तिच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी जुळे सोलापुरातल्या माझ्या केंद्रात आठ-दहा जणांना डोळे मिटून शरीराकडे लक्ष द्यायला सांगत होते. फोन ठेवला आणि तास पुरा केला... याचीही लाज वाटते, पण खरी लाज त्याआधीची आहे.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. शाळेचं तोंड न पाहिलेली. करमाळ्याजवळच्या खेड्यात बाळंतिणींना, तान्ह्या पोरांना तेल लावायची. आई वारली तेव्हा मी कॉलेजात होते. डोळ्यांतून टिपूस आलं नाही, मान मात्र महिनाभर आखडलेली. गोळ्या झाल्या, शेक झाला. मग मावशीनं समोर बसवलं. "काय हुतंय ते सांगू नगं. कुटं हुतंय, तितं हात ठेव." माझा हात मानेकडे न जाता गळ्याखाली गेला. "आता तितंच ऱ्हा. पळू नगं." थोड्या वेळानं मी तिच्या मांडीवर हमसून रडत होते. आई गेली हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे मी मानसशास्त्र शिकले, पुण्याला प्रशिक्षण घेतलं, शरीरातून मनाकडे जाण्याच्या कार्यशाळा घेऊ लागले. सुरुवात नेहमी तीच: कुठं होतंय, तिथं हात ठेवा. गेल्या वर्षी मावशी हौसेनं बघायला आली, मागच्या खुर्चीत बसली. एकानं विचारलं, "मॅडम, हे कुठं शिकलात?" मी म्हणाले, "पुण्याला." चहाच्या वेळी कुणी तिच्याविषयी विचारलं, तर म्हणाले, "गावाकडच्या ओळखीच्या आहेत." मावशी दोन पावलांवर कप धरून उभी होती.

स्टँडवर तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "लई ताठलीस गं... आवाज चांगलाय की तुजा. लांबवर ऐकू येतो." माझी कानशिलं तापली. काय झालंय ते शरीराला तेव्हाच कळलं होतं. माफी मागायला वेळही होता. मी एवढंच म्हणाले, "एसटी लागली बघ."

तेराव्याला गेले. सून म्हणाली, "गावभर सांगायच्या, माजी भाची शिकिवती म्हनून." मावशीच्या खोलीत, तेलाच्या बाटल्यांवर, खिळ्याला कार्यशाळेचा बिल्ला टांगलेला होता. अक्षर माझंच. 'शांताबाई, पाहुण्या.' मी तो काढायला हात वर केला, तर सून म्हणाली,

"ऱ्हाऊ द्या की ताई. आत्याबाई रोज पुसायच्या त्याला."